नाकी नऊ

शर्यत सातला सुटायची होती, पण तळ्यावर धुकं इतकं दाट बसलं की समोरची बोटसुद्धा दिसेना. शर्यत भरवणाऱ्या मास्तरांनी दोन वेळा पुढे ढकलत शेवटी नऊ वाजता शिट्टी फुंकली. दोनशे दहा माणसं तळ्याला वळसा घालायला निघून गेली आणि अर्ध्या तासात धुकं असं विरलं की जणू कधी नव्हतंच. मग ऊन आलं. त्या दिवसांत डोंगरावर येतं तसं, डोक्यावर हात ठेवून उभं राहणारं ऊन.

ट्रेसरबाई शेवटच्या रेषेजवळच्या तंबूत खुर्चीवर बसल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर. सर्वेक्षण खात्याच्या नकाशाघरात त्यांनी एकतीस वर्षं पारदर्शक कागदावर शाईच्या रेघा ओढल्या होत्या, त्यामुळे गावात कुणी त्यांना नावाने ओळखत नसे. नात आजी म्हणे, बाकी जगाच्या त्या ट्रेसरबाई. एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते आणि नवा चष्मा कालच हातात आला होता. त्यामुळे शर्यतीची छापील पुस्तिका त्यांनी सावकाश बघायची म्हणून पिशवीत राखून ठेवली होती. बाकी सगळं नातीने फोनवर बघितलं होतं. फोनवरचं बाईंना दिसत नसे.

नात धावत होती. लाल टोपी, छातीवर एकशे सत्तेचाळीस नंबर. गेल्या वर्षी दुसऱ्या एका शर्यतीत, शेवट दोन किलोमीटरवर आलेला असताना, ती पाण्यावाचून रस्त्याच्या कडेला कोसळली होती. दोन दिवस सलाइन. डॉक्टरांनी तिच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हिला पळू द्या, पण कोरडी पळू देऊ नका. आज आईला रजा मिळाली नाही. निघताना लेकीने बाईंना एकच वाक्य सांगितलं होतं, "आई, तिच्या पाण्याकडे बघ."

बाईंनी सकाळी विचारलंही होतं. नातीने मनगट पुढे केलं. निळ्या पेनाने तिथे सगळं लिहिलेलं.

"पाचला पाणी, दहाला पाणी, पंधराला पाणी. पंधराला बाटली टाकून द्यायची, उगाच ओझं नको. पुढे सहा किलोमीटर तळ्याच्या काठाने सपाट वाट आहे. तिथे सोडायचं."

"सोडायचं म्हणजे?"

"म्हणजे जीव खाऊन पळायचं, आजी."

"जीव खाऊ नकोस. बिस्किट खा."

"तुझ्याच आकड्यांवर पळतेय. चुकले तर तुझ्याकडे बघून घेईन."

बाई हसल्या होत्या. आकडे त्यांचेच होते, हे खरं. डोंगराच्या कुशीत फोनवरच्या उंच्या नुसत्या उड्या मारत, म्हणून मास्तरांनी मुद्दाम येऊन तळ्याभोवतीच्या वाटेच्या उंच्या किलोमीटरगणिक लिहिलेली त्यांची जुनी वही मागितली होती. शाळेत चाळीस वर्षं कवायत शिकवलेला माणूस, कागद नीट हाताळणारा. बाईंनी विश्वासाने दिली. मास्तरांच्या सुनेने त्या वहीतला तक्ता कॉम्प्युटरवर घातला आणि कॉम्प्युटरने वाटेच्या चढउताराचं चित्र काढलं.

आता सव्वादहा वाजले होते. बाईंनी पिशवीतून पुस्तिका काढली, नवा चष्मा पुसला आणि मधलं पान उघडलं.

चित्र देखणं होतं. तळ्यापासून रेघ हळूहळू वर जात होती, आठव्या किलोमीटरला खिंडीवर टोक काढत होती, मग पायऱ्यापायऱ्यांनी उतरत पंधराव्याला पाण्याजवळ येत होती. तिथून शेवटपर्यंत आडवी. एकदम आडवी, पट्टीने ओढल्यासारखी.

बाईंनी पुन्हा बघितलं. मग बोट ठेवून बघितलं. सोळा, सतरा, अठरा.

नाक कुठे गेलं?

तळ्याच्या पलीकडच्या अंगाला डोंगराची एक सोंड पाण्यात घुसली होती. तिला सगळेच नाक म्हणत. काळाकभिन्न उघडा खडक, सावलीला एक झुडूप नाही. बाई तिथे आयुष्यात एकदाच गेल्या होत्या, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी. ट्रेसरना डोंगरावर कुणी नेत नसे, पण त्या दिवशी वही लिहिणारा कारकून तापाने पडला होता आणि साहेब म्हणाले, अक्षर बरं आहे, चला तुम्ही. साहेब दुर्बिणीतून बघून आकडा ओरडायचे, त्या लिहायच्या. रंगीत पट्ट्यांची उंच काठी घेऊन एक काठीवाला पुढे पुढे जायचा. नाकाच्या माथ्यावर, बारा वाजताच्या उन्हात, काठी धरूनच तो डुलायला लागला. साहेब दुर्बिणीत एक डोळा घालून आकडा सांगत होते आणि बाई वहीकडे नाही, त्याच्याकडे बघत लिहीत होत्या. आकडा लिहून व्हायच्या आत तो पडला. पाणी संपलं होतं म्हणून पडला. वाचला, पण पडताना उजवा कान खडकावर आपटला, तो कायमचा गेला. पुढे सेवानिवृत्त होईपर्यंत रोज सकाळी तो बाईंना डावा कान पुढे करून नमस्कार करी.

ते नाक चित्रात नव्हतं.

बाईंनी पुस्तिका मिटली. त्या उठल्या आणि टेबलाशी गेल्या. मास्तर तिथे वॉकीटॉकी कानाला लावून बसले होते, शेजारी त्यांची सून नावांच्या यादीवर खुणा करत होती.

"मास्तर, सतराव्या किलोमीटरला नाक आहे."

"आहे ना, बाई. वाट त्याच्या पायथ्याने जाते."

"पायथ्याला वाट नाही. खडक सरळ पाण्यात उतरतो. वाट डोक्यावरून जाते."

मास्तरांनी वॉकीटॉकी खाली ठेवला. "झेंडे लावायला क्लबची मुलं गेली होती. त्यांना विचारलं होतं मी. म्हणाली, आहे थोडासा चढ."

"विशीतल्या पायांना सगळेच चढ थोडेसे असतात. तुम्ही स्वतः गेला होता?"

"पंधरापर्यंत जीपने गेलो. पुढे जीप जात नाही." ते थोडे ओशाळले. "पण बाई, उंची तुमच्याच वहीत दहा मीटर आहे."

"वही आणा."

वही टेबलावरच होती. लोकांनी बघावी म्हणून मास्तरांनी ती काचेखाली मांडली होती. सुनेने काढून दिली. बाईंनी सतरावी ओळ शोधली. शेरा या रकान्यात त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'नाक'. आणि उंचीच्या रकान्यात, तळ्याच्या पाण्यापासून मोजलेली उंची, १०.

स्वच्छ दहा. दुसरं काही वाचताच येईना.

बाईंना नुसती लाज आली. नकाशाघराचे प्रमुख, ज्यांना सगळे मागून फुटपट्टी म्हणत, ते त्यांना वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत. बाई, तुमच्या नवाला आकडी नसते. घाईत असलात की तुमचा नऊ म्हणजे एक. कधीतरी कुणाच्या तरी जिवाशी येईल. आणि पक्क्या प्रतीवर ते लाल शाईने प्रत्येक नवाला स्वतः आकडी काढून द्यायचे. पक्की प्रत खात्यात राहिली. घरी आली ती ही कच्ची.

"हे नव्वद आहेत," बाई म्हणाल्या.

सुनेने वाकून बघितलं. "आजी, हा एक आहे. मी भिंग लावून बघितलं होतं. प्रत्येक आकडा दोनदा बघितला."

"तुझी चूक नाही गं. मी त्याच्याकडे बघत लिहिलं."

"कुणाकडे?"

"ते जाऊ दे."

मास्तर अवघडून म्हणाले, "बाई, चव्वेचाळीस वर्षं झाली. आठवणीत डोंगर थोडे उंच होतात. माझंही होतं तसं."

हे त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं होतं, आणि तेच बाईंना लागलं. दहा वाजून तेवीस मिनिटं झाली होती. नात दहा-पंचेचाळीसच्या सुमारास पंधराव्याला पोचेल, बाटली फेकेल आणि सपाट वाट समजून जीव खाऊन पळायला लागेल. दहा-पन्नासनंतर कधीही ती नाकाखाली असेल. आठवणीवर कुणी बोट सोडणार नाही. आकडा पाहिजे. बाईंनी वहीची पानं उलटली, शेवटचं पान काढलं. हिशोब पडताळायला वहीच्या शेवटी सगळ्या चढांची बेरीज लिहायची खात्यात पद्धत होती, तशी इथेही होती.

"पुस्तिकेत एकूण चढ किती छापलाय?"

"पाचशे साठ," सून न बघता म्हणाली. "कॉम्प्युटरने काढलेली बेरीज आहे."

बाईंनी वही तिच्यापुढे सरकवली. तिथे लिहिलं होतं, 'एकूण चढ ६४०'. त्यात एकही नऊ नव्हता, एकही एक नव्हता.

सुनेने मनातल्या मनात वजाबाकी केली आणि तिचा चेहरा उतरला. "ऐंशी," ती म्हणाली. "बाबा, ऐंशी मीटर कमी आहेत."

"नव्वदातून दहा गेले की ऐंशी," बाई म्हणाल्या. "पंचवीस मजले, मास्तर. ह्या उन्हात. आणि शेवटचं पाणी दोन किलोमीटर मागे."

मास्तरांनी वॉकीटॉकी उचलला. पंधराव्या किलोमीटरच्या केंद्राला हाका मारून बघितल्या. नुसती खरखर. खिंडीपलीकडे आवाज जात नव्हता, फोनला तर काडीचीही रेंज नव्हती. ते उभे राहिले, पुन्हा बसले.

"बोट," बाई म्हणाल्या. "नाकाखाली एका जागी बोट लागते. मला माहीत आहे."

"बोट देतो. पाण्याचे कॅन देतो." मग ते थांबले. "पण बाई, नियम तुम्हाला माहीत आहे. ठरलेल्या केंद्राबाहेर कुणाकडून घोटभर पाणी घेतलं तरी धावणारा बाद. तिथे केंद्र जाहीर करायचं तर माइकवरून चूक सांगावी लागेल. एवढ्या लोकांसमोर."

"मग सांगा."

"कुणाची सांगू?"

सून खाली मान घालून यादीवरची एकच खूण पुन्हा पुन्हा गडद करत होती. बाईंनी तिच्याकडे बघितलं. एकतीस वर्षांत, नवाच्या आकड्या सोडल्या तर, त्यांच्या नावावर एकही दुरुस्ती नव्हती. निरोपाच्या समारंभात साहेब तेवढं एकच वाक्य बोलले होते आणि ते त्यांनी अजून जपून ठेवलं होतं.

"माझी सांगा. ट्रेसरबाईंनी नऊ नीट लिहिला नाही, असं सांगा. वाचणाऱ्याने बरोबर वाचलं. आणि मला लेखी द्या, केंद्र चार म्हणून. सही-तारखेसकट. माझी नात तोंडी सांगितलेलं ऐकणार नाही, ती माझ्यावर गेलीय."

मास्तरांनी एका उरलेल्या छाती-नंबराच्या कागदामागे चार ओळी लिहून सही ठोकली. बाई धक्क्यावर पोचेपर्यंत मागून भोंग्यातून त्यांचं नाव येत होतं. त्यांनी वळून बघितलं नाही. दहा-एकतीस.

नावाडी पन्नाशीचा, बोलका माणूस होता. चार कॅन, कागदी पेल्यांची गड्डी आणि बाई, एवढं सामान त्याने बोटीत नीट बसवलं.

"मावशी, नाकाखाली बोट लागत नाही. मी बावीस वर्षं इथे आहे."

"लागते. मी चव्वेचाळीस वर्षांपूर्वी उतरले होते."

"तेव्हा मी शाळेत होतो."

"मग मोठ्यांचं ऐक. खडकाला एक उभी भेग आहे. तिच्या डावीकडे आत घे."

मोटार ओरडायला लागली. तळं काचेसारखं चमकत होतं आणि पलीकडचा किनारा जागचा हलत नव्हता. बाई घड्याळाकडे बघत नव्हत्या, म्हणजे दर मिनिटाला बघत होत्या. त्यांना वाटेवर ठिपके दिसत होते, लहान, रंगीत. नव्या चष्म्याने ठिपका दिसत होता, टोपी दिसत नव्हती.

"लाल कुणी दिसतंय का?"

"लाल दोन आहेत. एक मागे आहे. एक..." नावाड्याने डोळ्यांवर हात धरला. "एक सपाटीवर आहे. जोरात आहे, मावशी. फार जोरात."

"बोट पळव."

"पळवतोय. मोटार फुटली तर दोघं पोहू."

नाक जवळ आलं तसं सावलीतलं पाणी काळं झालं. भेग दिसेना. खडक होता तसा होता, पण मधल्या वर्षांत झुडपं वाढली होती. नावाड्याने मोटार मंद केली. बाई पुढे झुकून खडक न्याहाळू लागल्या. आपण खरंच उंच केला का डोंगर? मनात तयार केलेली असली भेग, तर? मग एका झुडपाआडून काळी उभी रेघ दिसली. शाईच्या रेघेसारखी, सरळ.

"तिथे. डावीकडे घे."

बोट आत गेली आणि दगडाला टेकली. नावाड्याने भुवया वर केल्या. दोन कॅन त्याने खांद्यावर मारले, दुसऱ्या हाताने बाईंना धरलं. वर वाटेपर्यंत पन्नास-साठ पावलं होती, निम्मी हातांवर चढायची. बाईंचे गुडघे वाकायला तयार नव्हते. त्यांनी गुडघ्यांना विचारलंच नाही. मधे एकदा त्या बसल्या, चष्मा घामाने धूसर झाला, पुसला, पुन्हा निघाल्या.

"नाकी नऊ आणलेत, मावशी," नावाडी धापा टाकत म्हणाला.

बाईंना त्याही परिस्थितीत हसू फुटलं. "नाकी नऊच आहेत रे. म्हणून तर आलो."

वाटेच्या कडेला एक चौकोनी खडक होता आणि त्यावर छिन्नीने कोरलेला बाण. अजून तसाच. साहेबांनी कोरून घेतलेली उंचीची खूण. एकोणीस मीटर. बाईंनी त्यावर तळहात ठेवला. खडक तव्यासारखा तापला होता.

पहिले दोघं निघून गेले होते, वर माथ्याकडे त्यांच्या पायांखालचे दगड गडगडत होते. मग एकामागून एक चौघं आले. चढ बघून थबकले. एकाने पुस्तिका छापणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बाईंनी त्याला पाणी दिलं. "छापणाऱ्याला सोड, मला बोल," त्या म्हणाल्या. तो पाणी प्यायला आणि वर गेला. उरलेले दोन कॅन आणायला नावाडी खाली पळाला, तेवढ्यात वळणावर लाल टोपी आली.

नात पळत नव्हती. चालतही नव्हती नीट. पाय पडेल तिथे पडत होता, आणि ओठ पांढरे. ती समोरच्या उभ्या खडकाकडे बघत होती, जसं कुणी बंद झालेल्या दाराकडे बघतं. मग तिला आजी दिसली आणि तिच्या चेहऱ्यावर आधी काही उमटलंच नाही.

"आजी?"

"पी."

तिने पेला बघितला, हात पुढे केला आणि मागे घेतला. "नाही. केंद्र नाहीये इथे. बाद होईन."

"आहे. चौथं." बाईंनी पदराखालून तो छाती-नंबर काढला. "सही बघ. तारीख बघ."

नातीने खरंच बघितली. उभ्या उभ्या डुलत, डोळे बारीक करून, शेवटच्या सहीपर्यंत वाचलं. बाईंना वाटलं, ही आता पडते. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचं ते डुलणं त्यांनी ओळखलं. त्यांनी तिचा दंड धरला, बाणाच्या खडकावर बसवलं, पेला तोंडाला लावला.

"छोटे घोट. तोंडात धर, मग गिळ."

एक पेला, दुसरा. तिसरा बाईंनी टोपी काढून डोक्यावर ओतला. नातीच्या मानेवर काटा आला. म्हणजे शरीर अजून ऐकत होतं. चौथ्या पेल्याला ती स्वतःहून बोलली.

"हे चित्रात नव्हतं."

"माझा नऊ होता. त्याला आकडी नव्हती."

नातीने पेला खाली ठेवला. मग वर बघितलं. "किती राहिलं?"

बाणापासून माथा. नव्वदातून एकोणीस. बाईंनी उत्तर द्यायच्या आधी मनात दोनदा केलं.

"एक्काहत्तर."

"नक्की एक्काहत्तर? की एकोणऐंशी?"

तिच्या पांढऱ्या ओठांचा एक कोपरा वर गेला होता. बाईंना तिथेच रडू आलं असतं, पण मागून आणखी दोघी येत होत्या आणि पेले भरायचे होते.

"एक्काहत्तर. शेवटी एक आहे, आकडी नाही. आणि चढ चालत चढायचा, पळायचं नाही. माथ्यावरून पुढे उतार आहे."

"नंबर जाईल माझा."

"जाऊ दे."

नात उठली. एक पाय टाकून बघितला, दुसरा टाकला. नावाडी कॅन घेऊन वर आला, तसा बाईंनी त्यातला एक त्याच्याच खांद्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "हिच्या मागे माथ्यापर्यंत जा. धरू नकोस. फक्त मागे राहा, आणि वर सगळ्यांना पाणी दे." तो निघाला. दोघींच्या बाजूला पेले सरकवता सरकवता बाई वरच्या आवाजाकडे कान लावून होत्या. दगड घसरला. थांबला. पुन्हा पावलं. मग पावलं खडकापलीकडे गेली आणि काही ऐकू येईना.

पंधरा मिनिटांनी वरून हाक आली. नावाड्याचा आवाज, डोंगराने दोनदा फिरवून दिलेला.

"मावशी, लाल टोपी गेली. चालत गेली, उतारावर पळाली."

बाईंनी मान हलवली. तो बघू शकत नव्हता, तरी हलवली. मग त्यांनी पेल्यांच्या गड्डीचा पुठ्ठा फाडला, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढली आणि बाणाच्या खडकावर पुठ्ठा टेकवून मोठ्या अक्षरात लिहायला घेतलं. 'पाणी. पुढे चढ ७१ मीटर.' सात काढला. एक काढला, आणि पेन्सिल तिथेच उचलली, पुढे काही वळण घेऊ दिलं नाही.

वळणावरून एक घामाघूम माणूस आला, पुठ्ठ्यासमोर वाकला आणि मोठ्याने वाचलं, "एक्काहत्तर."

"बरोबर वाचलंत," बाई म्हणाल्या आणि पेला पुढे केला.